क्यूएमू सोर्सवरून बिल्ड करताना डिपेन्डन्सी कशा बसवाव्यात: तीन मार्ग वापरून पाहिल्यावर

उबंटू २२.०४ वर क्यूएमूची (आभासी मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) ८.२ आवृत्ती सोर्सवरून बिल्ड करायची, म्हणजे मूळ कोड कंपाइल करून स्वतः तयार करायची असेल तर माझं मत आधीच सांगून टाकते. डिपेन्डन्सींची, म्हणजे बिल्डसाठी आधी बसवाव्या लागणाऱ्या पॅकेजांची, इंटरनेटवरची तयार यादी उचलून टर्मिनलमध्ये चिकटवू नका. ॲप्टचं (उबंटूवर पॅकेजं बसवणाऱ्या कमांडचं) बिल्ड-डेप भरवशाचं आहे, पण या कामासाठी फार मोठं पडतं. लागतील तेवढीच पॅकेजं हाताने बसवा, कॉन्फिगरकडे (बिल्डची तयारी करणाऱ्या स्क्रिप्टकडे) हवं ते नाव घेऊन मागा आणि शेवटी तो जो तक्ता छापतो तो वाचल्याशिवाय मेक, म्हणजे प्रत्यक्ष कंपाइल करणारी कमांड, चालवू नका. हे सगळे मार्ग आमच्या लॅबमध्ये वापरून झाले आहेत, म्हणून हा रिव्ह्यू. कमांड आणि पॅकेजांची नावं आपण बोलतो तशी देवनागरीत लिहिते आहे. टर्मिनलमध्ये अर्थात इंग्रजी स्पेलिंगच लागेल.

मी पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर विभागाची लॅब सांभाळते. तीस मशीन, सगळ्यांवर उबंटू २२.०४, आठ जीबी रॅम. ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रॅक्टिकलला आम्ही एमआयटीचं एक्सव्ही६ घेतो. युनिक्सच्या १९७५ सालच्या सहाव्या आवृत्तीच्या धर्तीवर लिहिलेली ही छोटीशी ऑपरेटिंग सिस्टिम आता रिस्क-फाइव्ह प्रोसेसरवर चालते. तो प्रोसेसर लॅबमध्ये नाही, म्हणून क्यूएमू. फाब्रीस बेलार यांनी २००३ मध्ये सुरू केलेलं हे सॉफ्टवेअर एका प्रोसेसरवर दुसऱ्या प्रोसेसरचं अख्खं मशीन उभं करून देतं. मुलं त्यावर शेड्युलर उघडून वाचतात, स्वतःचा सिस्टिम कॉल घालतात, पेज टेबल छापून बघतात. परीक्षेपुरतं पाठ केलेलं प्रकरण डोळ्यांसमोर चालताना दिसलं की त्यांचे चेहरे बदलतात. या प्रॅक्टिकलसाठी मी वाटेल ती खटपट करायला तयार असते.

अडचण अशी होती की एक्सव्ही६ ची अलीकडची मेकफाइल (बिल्डच्या सूचनांची फाइल) सुरुवातीलाच क्यूएमूची आवृत्ती तपासते आणि ती किमान ७.२ नसेल तर पुढे जात नाही. उबंटू २२.०४ च्या पॅकेज भांडारात आहे ६.२. ज्या मुलांच्या लॅपटॉपवर २४.०४ आहे त्यांना ॲप्टमधूनच ८.२ मिळते, त्यामुळे घरी चालतं आणि लॅबमध्ये अडतं, अशी अवस्था. सेमिस्टरच्या मध्यावर तीस मशीनची ऑपरेटिंग सिस्टिम बदलणं शक्य नव्हतं. त्याच मशीनवर डेटाबेसची आणि नेटवर्किंगची प्रॅक्टिकल्स चालतात. तेव्हा ८.२ आपणच बिल्ड करायची असं ठरलं. मुलांच्या घरी जी आवृत्ती, तीच लॅबमध्येही हवी, एवढाच हिशोब.

आता डिपेन्डन्सी. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मुलं इथे नेहमी एका ठिकाणी अडकतात. 'मॅडम, जी-लिब तर मशीनवर आहेच, मग सापडत का नाही म्हणतो?' क्यूएमूला लागणारी ही लायब्ररी मशीनवर असतेच, कारण अर्धा डेस्कटॉप तिच्यावर उभा आहे. पण जी असते ती चालवण्यापुरती लायब्ररी. कंपाइल करायचं तर तिच्या हेडर फाइल्स लागतात आणि डॉट-पीसी नावाची एक छोटी मजकूर फाइल लागते. पीकेजी-कॉन्फिग हा प्रोग्राम ती फाइल वाचून कंपायलरला सांगतो की हेडर या फोल्डरमध्ये आहेत, लायब्ररी त्या फोल्डरमध्ये आहे. डेबियन आणि उबंटूमध्ये हे सगळं 'डेव्ह' शेपटीच्या वेगळ्या पॅकेजात ठेवलेलं असतं. मी एकदा प्रोजेक्टरवर लिब-जीलिब-२.०-डेव्ह बसवण्याआधी आणि नंतर पीकेजी-कॉन्फिगला जी-लिबची आवृत्ती विचारून दाखवली. आधी 'सापडत नाही', नंतर २.७२. त्यानंतर हा प्रश्न त्या बॅचमध्ये कोणी विचारला नाही.

पहिला मार्ग, म्हणजे सर्च करून मिळालेली तयार यादी. याला माझ्याकडून फार कमी गुण. क्यूएमू वीस वर्षांहून जुनं आहे आणि जुन्या लेखांमधल्या याद्या अजून फिरतात. त्यात ब्लूटूथची डेव्ह लायब्ररी असते, जरी क्यूएमूने ब्लूटूथचा भाग २०२० मध्ये ५.० आवृत्तीतच काढून टाकला. एसडीएल १.२ (खिडकी दाखवणारी जुनी लायब्ररी) असते, तीही आता क्यूएमूला चालत नाही. नुसतं 'पायथन' नावाचं पॅकेज असतं, जे २२.०४ मध्ये बसवता येत नाही. आणि ॲप्टचा स्वभाव असा की यादीतल्या एका नावाचा पत्ता लागला नाही तर तो पूर्ण कमांडच सोडून देतो, बाकीची वीस पॅकेजं बरोबर असली तरी त्यातलं एकही बसत नाही. मग मुलं एकेक नाव गाळत जातात. यात नको असलेलं नाव गळतं तसं हवं असलेलंही गळतं, आणि कोणतं गळलं याची नोंद कोणाकडेच राहत नाही.

दुसरा मार्ग बिल्ड-डेप. कल्पना सुंदर आहे. उबंटूच्या लोकांनी त्यांचं क्यूएमू पॅकेज बनवताना जी जी पॅकेजं लागली त्यांची यादी सोर्स पॅकेजात लिहून ठेवलेली असते. 'ॲप्ट बिल्ड-डेप क्यूएमू' म्हटलं की ॲप्ट ती यादी वाचून सगळं बसवतो. तुम्हाला एकही नाव पाठ असावं लागत नाही.

पहिल्यांदा चालवल्यावर बहुतेकांना नकार मिळतो. ॲप्ट म्हणतो की सोर्सेस-लिस्टमध्ये डेब-सोर्सच्या ओळी घाला. उबंटू बसवताना सोर्स भांडारं बंद असतात, म्हणून हा नकार. २२.०४ मध्ये ईटीसी फोल्डरातल्या ॲप्टच्या सोर्सेस-डॉट-लिस्टमध्ये डेब-सोर्सने सुरू होणाऱ्या ओळींपुढचं हॅशचं चिन्ह काढायचं आणि ॲप्ट अपडेट करायचं. २४.०४ मध्ये ही फाइल बदलली आहे: सोर्सेस-डॉट-लिस्ट-डॉट-डी फोल्डरात उबंटू-डॉट-सोर्सेस अशी फाइल असते आणि तिथे 'टाइप्स' या ओळीत 'डेब' च्या पुढे 'डेब-सोर्स' असा शब्द वाढवायचा. जुना लेख वाचून २४.०४ वर जुनी फाइल शोधणारी मुलं मी पाहिली आहेत. त्या फाइलमध्ये आता फक्त 'यादी दुसरीकडे हलवली आहे' एवढी सूचना असते.

ओळी घातल्यावर बिल्ड-डेप बिनतक्रार काम करतं. प्रश्न आकाराचा आहे. उबंटूचं पॅकेज सगळ्यांसाठी सगळं चालेल अशा बेताने बनवलेलं असतं: 'सेफ' नावाच्या स्टोरेजची लायब्ररी, झेनची डेव्ह पॅकेजं, स्पाइस, जीटीके, कागदपत्रं बनवायला स्फिंक्स, शिवाय वेगवेगळ्या फर्मवेअरसाठी पॉवरपीसी, अल्फा यांचे क्रॉस कंपायलरसुद्धा. आम्हाला हवा होता एक रिस्क-फाइव्ह प्रोसेसर, तोही खिडकीशिवाय, टर्मिनलमध्ये. चार माणसांच्या पिठलं-भाकरीसाठी मंगल कार्यालयाचं भांडार घरी आणून ठेवावं तसा प्रकार झाला. यावर एक उतारा आहे: '--आर्च-ओन्ली' हा पर्याय दिला की फर्मवेअर बनवण्यापुरतं लागणारं सामान येत नाही आणि डाउनलोड बऱ्यापैकी आटोक्यात येतं. बिल्ड-डेप वापरणारच असाल तर हा पर्याय विसरू नका.

दुसरी गोष्ट आवरायची. बिल्ड-डेपने आलेली पॅकेजं काम झाल्यावर ॲप्टच्या ऑटो-रिमूव्हने आपोआप निघत नाहीत. ती कशासाठी आली होती हे सहा महिन्यांनी कोणालाही आठवत नाही. याला डेबियनच्याच जगात एक फार नीटनेटका पर्याय आहे आणि तो माहीत असलेली माणसं कमी आहेत. डेव्हस्क्रिप्ट्स आणि इक्विव्ह्ज ही दोन पॅकेजं बसवायची आणि एमके-बिल्ड-डेप्स ही कमांड '--इन्स्टॉल' पर्यायासह चालवायची. ती क्यूएमू-बिल्ड-डेप्स नावाचं एक रिकामं पॅकेज तयार करते. त्यात फाइल काहीच नसते, फक्त 'मला ही ही पॅकेजं लागतात' एवढंच लिहिलेलं असतं. काम संपलं की ते एक पॅकेज काढायचं आणि ऑटो-रिमूव्ह करायचं, की सगळा लवाजमा निघून जातो. ज्यांच्याकडे एकच लॅपटॉप आहे आणि त्यात जागा कमी आहे त्यांना मी बिल्ड-डेपऐवजी नेहमी हेच सुचवते.

तरीही बिल्ड-डेपची एक मर्यादा कुठल्याच पर्यायाने जात नाही. ते ६.२ ची यादी आणतं, कारण २२.०४ मध्ये पॅकेज ६.२ चं आहे. बिल्ड आपण ८.२ करतोय. मधल्या काळात क्यूएमू बदललं आहे. कॉन्फिगर आता बिल्ड फोल्डरमध्ये स्वतःसाठी पायथनचं एक वेगळं आभासी वातावरण बनवतो आणि त्यासाठी पायथन३-व्हेन्व्ह हे पॅकेज लागतं. ६.२ ला ते लागत नव्हतं, म्हणून त्या यादीत ते नाही. एवढं सगळं डाउनलोड करूनही कॉन्फिगर पहिल्याच पायरीवर थांबतो.

आणि इथे मला क्यूएमूच्या लोकांचं मनापासून कौतुक करायचं आहे. तो थांबतो तेव्हा पायथनचा शंभर ओळींचा ट्रेसबॅक तोंडावर फेकत नाही. एन्शुअरपिप हे मॉड्यूल सापडलं नाही, ते एरवी पायथनबरोबरच येतं, कदाचित तुमच्या डिस्ट्रिब्यूशनने ते वेगळ्या पॅकेजात ठेवलं असेल, असं साध्या वाक्यांत सांगतो आणि शेवटी सूचनाही देतो की डेबियन हे पायथन३-व्हेन्व्ह या पॅकेजात ठेवतं. नेमकं नाव! ज्या कोणी हा मेसेज लिहिला त्याने आपल्यासमोर बसलेल्या नवख्या माणसाचा विचार केला आहे. मी एरर मेसेज कसा लिहावा हे शिकवताना मुलांना हाच दाखवते.

मेसॉनच्या, म्हणजे काय कसं कंपाइल करायचं ते ठरवणाऱ्या बिल्डच्या साधनाच्या, बाबतीतही असाच समंजसपणा आहे. क्यूएमू २०२० च्या डिसेंबरमध्ये आलेल्या ५.२ पासून मेसॉनवर आलं. २२.०४ मधला मेसॉन ०.६१ चा, म्हणजे ८.२ ला पुरेसा नाही. पण लागणारा मेसॉन सोर्सच्या फोल्डरातच व्हील फाइलच्या (पायथनच्या तयार पॅकेजाच्या) रूपात सोबत येतो आणि कॉन्फिगर तो आपल्या आभासी वातावरणात बसवून घेतो. तुमच्या सिस्टिमच्या मेसॉनला हात लागत नाही. पिपने (पायथनची पॅकेजं बसवणाऱ्या कमांडने) मेसॉन बसवा असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, गरज नाही.

तिसरा मार्ग, माझ्या पसंतीचा: हाताने. रिस्क-फाइव्हच्या एका टार्गेटसाठी, टर्मिनलमध्ये चालवायला, २२.०४ वर हे पुरतं: बिल्ड-एसेन्शियल, पीकेजी-कॉन्फिग, निंजा-बिल्ड, पायथन३-व्हेन्व्ह, लिब-जीलिब-२.०-डेव्ह, लिब-पिक्समॅन-१-डेव्ह, झेडलिब-१जी-डेव्ह, लिब-एफडीटी-डेव्ह आणि लिब-स्लर्प-डेव्ह. एका ओळीत मावणारी यादी आहे. एफडीटी का, तर रिस्क-फाइव्हचं आभासी मशीन आपल्यात कोणकोणतं हार्डवेअर आहे हे डिव्हाइस ट्रीच्या रूपात ऑपरेटिंग सिस्टिमला सांगतं आणि ते झाड बांधायला ही लायब्ररी लागते. एक्सव्ही६ कंपाइल करायला रिस्क-फाइव्हचा क्रॉस जीसीसी आणि डीबगिंगला जीडीबी-मल्टिआर्च लागतो, पण ते एक्सव्ही६ चं सामान, क्यूएमूचं नव्हे. मुलं हे दोन्ही एकत्र करतात आणि मग कुठली एरर कोणाची हे कळत नाही.

शेवटच्या नावावर, म्हणजे स्लर्पवर, मला थोडं सविस्तर लिहायचं आहे. या रिव्ह्यूचं कारणच ते आहे.

क्यूएमूमध्ये बहुतेक सोयी 'असेल तर घेतो' अशा तत्त्वावर असतात. कॉन्फिगर मशीनवर काय काय आहे ते बघतो. लायब्ररी सापडली तर ती सोय आत घेतो, नाही सापडली तर तक्त्यात 'नो' लिहितो आणि पुढे जातो. यामागचा विचार मला पटतो. ज्याला खिडकी नको त्याला जीटीकेसाठी का अडवायचं? जी-लिबसारखी गोष्ट नसेल तर तो थांबतो, लाल अक्षरात सांगतो, तुम्ही पॅकेज बसवता, पाच मिनिटांत विषय संपतो. धोका आहे तो गुपचूप गळालेल्या सोयीचा.

लिब-स्लर्प ही क्यूएमूच्या 'युझर' नेटवर्कच्या मुळाशी असलेली लायब्ररी. रूटचे अधिकार नसताना, ब्रिज वगैरे काही न करता आभासी मशीनला नेटवर्क मिळतं ते तिच्यामुळे. आधी तिचा सोर्स क्यूएमूसोबतच यायचा, त्यामुळे कोणाला तिचं नावही माहीत असायची गरज नव्हती. २०२२ च्या डिसेंबरमधल्या ७.२ पासून ती सोबत येणं बंद झालं. सिस्टिमवर डेव्ह पॅकेज असेल तरच युझर नेटवर्क मिळतं. जुन्या यादीत हे नाव नसतं, कारण तेव्हा लागतच नव्हतं. परिणाम काय होतो बघा. कॉन्फिगर यशस्वी, मेक यशस्वी, एक्सव्ही६ सुरू होतं, शेलचा डॉलर दिसतो. सिस्टिम कॉलचं प्रॅक्टिकल होतं, पेज टेबलचं होतं, लॉकचं होतं. मग नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर लिहायचं प्रॅक्टिकल येतं, ज्यात क्यूएमूला '-नेटडेव्ह युझर' असं सांगावं लागतं, आणि क्यूएमू म्हणतं की 'युझर' हा प्रकार या बिल्डमध्ये नाहीच.

आमच्या एका विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर हेच झालं. तो दोन दिवस स्वतःच्या ड्रायव्हरच्या कोडमध्ये चूक शोधत होता. रिंग बफरचा हिशोब कागदावर मांडून माझ्याकडे आला. हिशोब बरोबर होता. मी त्याचा बिल्ड फोल्डर उघडायला लावला आणि मेसॉन-लॉग्ज मधली नोंद वर सरकवत नेली. 'स्लर्प सपोर्ट: नो'. तो म्हणाला, 'मॅडम, पण एरर तर काहीच आली नव्हती.' म्हटलं, 'अरे, आली असती तर तेव्हाच कळलं असतं ना.' हुशार, कष्टाळू मुलाचे दोन दिवस एका 'नो' मध्ये गेले याचं मला खरंच वाईट वाटलं.

उपाय कॉन्फिगरमध्येच आहे आणि तो उत्तम आहे. '--एनेबल-स्लर्प' असं स्पष्ट म्हटलं की तीच सोय ऐच्छिक न राहता सक्तीची होते. लायब्ररी नसेल तर कॉन्फिगर थांबतो आणि सांगतो. म्हणून माझा आग्रह: ज्या सोयीवाचून तुमचं काम अडणार आहे ती प्रत्येक सोय नाव घेऊन मागा. आमची कॉन्फिगरची ओळ अशी आहे: टार्गेट-लिस्ट फक्त रिस्क-व्ही-६४-सॉफ्ट-एमएमयू (हेच रिस्क-फाइव्हचं टार्गेट), एनेबल-स्लर्प, डिसेबल-डॉक्स, आणि प्रीफिक्स (तयार फाइल्स बसवायची जागा) ऑप्ट फोल्डरात वेगळा. टार्गेट-लिस्ट न दिल्यास क्यूएमू त्याला माहीत असलेल्या झाडून सगळ्या प्रोसेसरांसाठी बिल्ड करत बसतं. एकच टार्गेट दिलं तर आमच्या साध्या आय-५ मशीनवरसुद्धा टपरीवर चहा घेऊन येईपर्यंत काम आटोपतं, मात्र मेकला '-जे' देऊन सगळे कोअर कामाला लावायला हवेत. प्रीफिक्स वेगळा अशासाठी की उबंटूची ६.२ आणि आपली ८.२ एकमेकींत मिसळू नयेत. नको झालं तर एक फोल्डर उडवला की विषय संपला.

असाच आणखी एक गुपचूप 'नो' खिडकीचा. जीटीके आणि एसडीएल२ दोन्हींची डेव्ह पॅकेजं नसताना बिल्ड केलं आणि मग एखादं डेस्कटॉप असलेलं लिनक्स त्यात चालवायला गेलात, तर खिडकी उघडत नाही. टर्मिनलमध्ये फक्त 'व्हीएनसी सर्व्हर ५९०० पोर्टवर चालू आहे' अशा अर्थाची ओळ येते. मशीन आत व्यवस्थित चालू असतं. एक्सव्ही६ टर्मिनलमध्येच चालतं म्हणून आम्हाला फरक पडत नाही, पण घरी दुसरं काही चालवणाऱ्यांनी लिब-जीटीके-३-डेव्ह बसवून '--एनेबल-जीटीके' म्हणावं.

यादी हवीच असेल तर सगळ्यात भरवशाची यादी सोर्सच्या आतच असते: टेस्ट्स, त्यात डॉकर, त्यात डॉकरफाइल्स हा फोल्डर. क्यूएमूच्या स्वयंचलित चाचण्या ज्या कंटेनरमध्ये चालतात त्यांच्या फाइल्स तिथे आहेत, उबंटू, डेबियन, फेडोरा अशा वेगवेगळ्या. ज्या आवृत्तीचा सोर्स, त्याच आवृत्तीची यादी. शिळी व्हायचा प्रश्नच नाही. यादी मोठी असते, पण एखाद्या पॅकेजाचं तुमच्या डिस्ट्रिब्यूशनमधलं नेमकं नाव शोधायला याहून चांगली जागा नाही. दाखवेपर्यंत आमच्या एकाही मुलाने हा फोल्डर उघडलेला नव्हता.

लॅबवाल्यांसाठी खास: बिल्डचं सामान तीसही मशीनवर बसवायची काही गरज नाही. आम्ही एकाच मशीनवर बिल्ड केलं, ऑप्टमधला तयार फोल्डर टार करून (एका फाइलमध्ये बांधून) बाकीच्यांवर त्याच पत्त्यावर उलगडला. तिथे लागतात फक्त चालवण्यापुरत्या लायब्ररी, म्हणजे लिब-स्लर्प-० सारखी शेपटी नसलेली पॅकेजं. एलडीडी ही कमांड तयार फाइलवर चालवली की कुठली लायब्ररी सापडत नाही ते ती 'नॉट फाउंड' म्हणून दाखवते. अट एकच, सगळ्या मशीनवर उबंटूची आवृत्ती तीच हवी. कॉलेजचं इंटरनेट प्रॉक्सीमागे आणि मंद असल्याने मी ॲप्ट-कॅशर-एनजी एका जुन्या मशीनवर चालू ठेवलं आहे. त्यासाठी तपकीर गल्लीतून (पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून) एक एसएसडी आणून बसवला. तीसपैकी पहिलं मशीन पॅकेज बाहेरून आणतं, बाकीच्यांना ते लॅबमधूनच मिळतं. ३१४२ पोर्ट, ॲप्टच्या सेटिंगमध्ये एक ओळ, बस्स. हे असलं काम गुरुवारी काढू नका, वीज कधी जाईल सांगता येत नाही, हे पुण्यात वेगळं सांगायला नको.

सोर्स गिटवरून घेण्यापेक्षा क्यूएमूच्या साइटवरचा टार घ्या, असंही सांगेन. गिटवरून घेतलं तर काही उपप्रकल्प कॉन्फिगरच्या वेळी पुन्हा नेटवरून ओढावे लागतात आणि प्रॉक्सीमागे तिथेच गाडी अडते.

फेडोरावाल्या दोन-तीन मुलींचं काम आमच्या सगळ्यांहून सोपं झालं. 'डीएनएफ बिल्डडेप क्यूएमू' ही कमांड सोर्स भांडारं स्वतःच चालू करून घेते, फाइलमध्ये हात घालावा लागत नाही. शिवाय फेडोराची क्यूएमू बरीच ताजी असते, त्यामुळे यादीही ताजी.

एक प्रश्न प्रत्येक बॅच विचारते, तो इथेच निकालात काढते. बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू करायला हवं का, केव्हीएमची, म्हणजे प्रोसेसरची मदत घेऊन आभासी मशीन वेगात चालवणाऱ्या सोयीची, पॅकेजं लागतील का? या कामाला नाही. केव्हीएम २००७ मध्ये लिनक्स कर्नलच्या २.६.२० आवृत्तीत आलं आणि ते कर्नलचाच भाग आहे. त्यासाठी बिल्डला वेगळी लायब्ररी लागत नाही. आणि इंटेलच्या मशीनवर रिस्क-फाइव्ह चालवताना केव्हीएमचा उपयोगच नाही, तिथे क्यूएमू प्रत्येक सूचना भाषांतर करून चालवतं. इंटेलवर इंटेलचंच आभासी मशीन चालवणार असाल तेव्हा बायोसची ती खूण आणि '/डेव्ह' या सिस्टिमच्या फोल्डरातली (डेव्ह पॅकेजांशी याचा संबंध नाही) केव्हीएम फाइल बघा. हा भाग नीट शिकण्यासारखा आहे हेही मुलांना सांगते. केव्हीएम जिथे जन्मलं ती क्युमरानेट कंपनी रेड हॅटने २००८ मध्ये घेतली, आणि रेड हॅटचं ऑफिस इथेच मगरपट्ट्यात आहे.

ज्यांच्या मशीनवर उबंटू २४.०४ आहे आणि फक्त एक्सव्ही६ चालवायचं आहे त्यांनी यातलं काहीही करू नये. ॲप्टने क्यूएमू-सिस्टिम-मिस्क बसवा, ८.२ मिळेल, युझर नेटवर्कही त्यात असतं. २२.०४ वर राहणं भाग असलेल्यांनी, आणि २०२७ पर्यंत तिला सपोर्ट असल्याने अशा लॅब पुष्कळ आहेत, वरची नऊ पॅकेजं बसवावीत, कॉन्फिगर चालवावं आणि मेक करण्याआधी तक्त्यात वर जाऊन स्लर्पसमोर 'येस' आहे का ते बघावं.